चौकाला उलटी प्रदक्षिणा

अमेरिकेत स्थायिक झालेला जवाई संत्र्याच्या हंगामात सासुरवाडीला आला, की मध्य प्रदेशातल्या आमच्या पांढुर्ण्यात राष्ट्रीय धोरणांवर चर्चा सुरू होते. यंदाचा विषय होता रस्ता. जवाईबापूंचं म्हणणं असं, की भारतानं आता डावी बाजू सोडून उजवीकडे यावं. जगातली दोन तृतीयांश माणसं उजव्या बाजूनं गाडी चालवतात, आपणच इंग्रजांचं जुनं जोखड मानेवर घेऊन बसलोय, वगैरे. टपरीवर सात-आठ जण होते. कोणीही हरकत घेतली नाही. जवायाच्या बोलण्याला हरकत घेण्याची आमच्याकडे पद्धत नाही. एका म्हाताऱ्यानं फक्त विचारलं, "बापू, मंग बैलं पण उजवीकडून का?"

लोक हसले. पण म्हाताऱ्याच्या प्रश्नात दम होता. जोडीतला डावीकडचा बैल सहसा आयुष्यभर डावीकडेच जुंपला जातो. त्याला उजवीकडे घाला, तो जू झटकतो, मान तिरपी करतो, जोडीदाराला ढुशी देतो, आणि धुरकऱ्याच्या तोंडून निम्म्या गावाला शिव्यांची उजळणी होते. पाकिस्ताननं १९६० च्या दशकात बाजू बदलायचा विचार केला, तेव्हा उंटांनी तो हाणून पाडला असं सांगतात. मालक गाडीवर झोपलेला, उंट रात्रभर आपला डावीकडून चालतोय. त्या म्हाताऱ्या उंटाला नवं वळण कोण लावणार? गोष्टीत मीठमसाला असेल, पण पाकिस्तान आजही डावीकडूनच चालतो. सरकारं कोणाकोणापुढे झुकतात याची यादी केली, तर उंट त्यातल्या त्यात समजूतदार निघेल.

आता बहुमताचं बघू. उरलेली एक तृतीयांश माणसं डावीकडून चालतात, हे खरं. त्यात जवळजवळ निम्मे आपणच आहोत. इंग्रज सगळे मिळून सात कोटींच्या आत. आपण एकशे चाळीस कोटींच्या वर. तेव्हा डावी बाजू कोणाच्या मालकीची असेलच, तर ती आता आपली. इंग्लंड आपलं अनुकरण करतं, असं म्हणायलाही हरकत नाही. त्यांना जोखड वाटत असेल तर त्यांनी सोडावं.

जवाईबापूंचा हुकमाचा एक्का होता स्वीडन. तो त्यांनी चहा संपता संपता टाकला. स्वीडननं ३ सप्टेंबर १९६७ रोजी पहाटे पाच वाजता अख्खा देश डावीकडून उजवीकडे नेला. पाचला दहा मिनिटं कमी असताना रस्त्यावरची प्रत्येक गाडी थांबली, हळूच पलीकडच्या बाजूला गेली, पाच वाजेपर्यंत तिथं उभी राहिली, आणि मग निघाली. साडेतीन लाखांच्या वर पाट्या बदलल्या. कुठं आरडाओरड नाही. हे ऐकून टपरीवर थोडा वेळ शांतता पसरली, कारण पहाटे पाच वाजता सगळ्या गाड्या एकदम थांबल्या हा भाग कोणाच्या पचनी पडेना.

पण एक्क्याच्या मागची पानंही बघायला हवीत. १९५५ साली स्वीडननं लोकांना विचारलं होतं, आणि लोकांपैकी ८३ टक्क्यांनी नको म्हटलं होतं. सरकारनं आठ वर्षं वाट पाहिली आणि १९६३ साली संसदेत उजवी बाजू मंजूर करून टाकली. (लोकशाहीत लोकांचं मत जरूर घ्यावं, ते पाळायची घाई नको.) दुसरं, स्वीडनमधल्या बहुतेक मोटारींची स्टिअरिंगं आधीपासूनच डावीकडे होती, म्हणजे गाड्या उजव्या रस्त्याच्या आणि रस्ता डावा. तिसरं, शेजारचे नॉर्वे आणि फिनलंड उजवीकडून चालणारे. चौथं, लोकसंख्या ऐंशी लाखांच्या आत. आणि अपघात? सुरुवातीला कमी झाले, कारण प्रत्येक जण जीव मुठीत धरून चालवत होता. दोनेक वर्षांत भीती गेली आणि आकडे मूळ पदावर आले. स्वीडनच्या आगगाड्यांनी तर ही भानगड मानलीच नाही. त्या आजही बहुतेक ठिकाणी डाव्या रुळावरूनच धावतात, आपल्या पांढुर्णा स्टेशनातून इटारसीकडे धावतात तशाच.

ज्यांनी बाजू बदलली, त्या प्रत्येकाजवळ काहीतरी कारण होतं. निदान एक ज्योतिषी तरी होता. ब्रह्मदेशात (आजच्या म्यानमारमध्ये) ने विन यांच्या लष्करी राजवटीनं १९७० साली देश डावीकडून उजवीकडे नेला. कोणी म्हणतं ज्योतिषानं सांगितलं, कोणी म्हणतं राजकीय दृष्टांत झाला. रस्ता बदलला, गाड्या बदलल्या नाहीत. जुन्या बसगाड्यांचे दरवाजे डावीकडेच राहिले, म्हणजे प्रवासी थेट भर रस्त्यात उतरू लागला. उलट सामोआ नावाच्या चिमुकल्या बेटदेशानं ७ सप्टेंबर २००९ रोजी उजवीकडून डावीकडे उडी मारली. कारण साधं: ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये कामाला गेलेल्या नातेवाइकांना तिथल्या स्वस्त जुन्या गाड्या घरी पाठवता याव्यात. तिथं बदलाच्या वेळी दोन दिवस सुटी दिली आणि तीन दिवस दारूविक्री बंद ठेवली. सुटी आपल्याला जमेल.

पण सगळ्यात शहाणा निर्णय आपल्या गोव्यातला, आणि तोही पोर्तुगीजांचा. पोर्तुगालनं १ जून १९२८ रोजी मायदेशात उजवी बाजू धरली. लिस्बनचा शब्द गोव्यात कायदा होता. खाणंपिणं, पोशाख, टपाल तिकीट सगळ्यावर तिकडची छाप. रस्त्याची बाजू मात्र गोव्यात डावीच ठेवली. कारण पलीकडे सावंतवाडी, कारवार, बेळगाव. तिकडून येणारी मोटार डावीकडून येते. जिथं शेजारी डावीकडून चालत होते, त्या मकाव आणि मोझांबिकातही पोर्तुगीजांनी हेच केलं. साडेचारशे वर्षं राज्य करणाऱ्यांनाही एवढं कळत होतं, की बाजू मालकाकडे बघून ठरत नाही, समोरून कोण येतंय ते बघून ठरते. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला तेव्हा झेंडा बदलला, नोटा बदलल्या, शाळा बदलल्या. रस्त्यावरच्या पाट्यांच्या बाणांना हात लावायची वेळ कोणावर आली नाही.

आपल्या समोरून कोण येतं? नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका, पाकिस्तान, सगळे डावीकडून. आमची संत्री ट्रकानं बांगलादेशाकडे जातात ती शेवटपर्यंत डाव्या अंगानंच. उजवीकडून चालणारे शेजारी म्हणजे म्यानमार आणि चीन. म्यानमारच्या तामूला जाणाऱ्या गाड्यांनी मणिपूरच्या मोरेला बाजू बदलली की झालं. आणि चीनच्या सीमेवरून आपली रोजची वाहतूक किती आहे, ते मी इथं सांगायला नको. तेव्हा शेजाऱ्यासाठी म्हणावं तर शेजारी नाही, आणि गाड्यांसाठी म्हणावं तर आपलेच कारखाने उजव्या स्टिअरिंगच्या गाड्या इथं विकून डाव्या स्टिअरिंगच्या परदेशात पाठवतात. आपला मोटार वाहन कायदा, १९८८ चं १२० वं कलम डाव्या स्टिअरिंगची गाडी चालवायला बंदीच करतं. इशारा देणारं यंत्र लावलेलं असेल आणि ते चालू स्थितीत असेल, तरच सूट. आपल्याकडे कोणती वस्तू चालू स्थितीत आहे यावर कायद्यानं एवढा भरवसा ठेवलेला बघून डोळे पाणावतात.

मुळात स्टिअरिंगचा प्रश्न मोटारवाल्यांचा. देशातल्या नोंदणीकृत वाहनांपैकी जवळपास तीन चतुर्थांश दुचाकी आहेत, आणि दुचाकीचं हँडल मधोमध असतं. म्हणून ती कुठूनही चालते असा समज आहे, आणि तो आमच्या भागात सिद्धही झाला आहे. पण दुचाकीलाही बाजू आहे. ती समोर नाही, मागच्या चाकाला आहे.

शेजारच्या सौंसरच्या बाजारात उभ्या असलेल्या कुठल्याही बाईकच्या मागे जाऊन उभे राहा. डाव्या अंगाला जाळीचा साडीगार्ड, त्याखाली आडवी पट्टी, पाय ठेवायला. उजव्या अंगाला सायलेन्सर, तापलेला. साइड स्टँड डावीकडे, किक उजवीकडे. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मागच्या सीटवाल्यासाठी धरायला दांडी, पाय ठेवायला आधार आणि मागचं निम्मं चाक झाकणारं आवरण लागतं, ते म्हणजेच ही जाळी. काकू पदर खोचतात, पिशवी मांडीवर घेतात, दोन्ही पाय डावीकडे सोडून बसतात, आणि भाजीवाल्याशी उरलेलं भांडण चालत्या गाडीवरून पुरं करतात. उतरायचं झालं की पाय थेट रस्त्याच्या कडेला. सारी योजना डाव्या बाजूच्या रस्त्यावर उभी आहे. देश उजवीकडे न्या, काकूंचा पाय थेट ट्रकाच्या बाजूला उतरेल. काकूंना फिरवून बसवा, पायाखाली सायलेन्सर. म्हणजे वीस कोटींहून जास्त गाड्यांचा सायलेन्सर डावीकडे आणि जाळी उजवीकडे न्यावी लागेल. हे सगळं झालं तरी पंचवीस वर्षं डावीकडे पाय सोडून बसलेल्या बाईला उजवीकडे बसायला कोण सांगणार? मी नाही. जवाईबापूंनी सासूबाईंना सांगून पाहावं.

आणि आता तो मुद्दा, जो स्वीडनच्या सरकारला सुचणं शक्यच नव्हतं. डावीकडून चालणाऱ्या देशात चौकातल्या गोल चबुतऱ्याला वळसा घालताना गाडी घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरते, आणि चबुतरा उजव्या हाताला राहतो. देवळात प्रदक्षिणा घालतात अगदी तशी. चबुतऱ्यावर कोण असतं? शिवाजी महाराज असतात, बाबासाहेब असतात, गांधीजी असतात. म्हणजे या देशातला प्रत्येक स्कूटरवाला रोज नकळत थोर पुरुषांना विधिवत प्रदक्षिणा घालतो. देश उजवीकडे गेला, की प्रदक्षिणा उलटी. पहिल्या दिवशी तहसीलदाराला निवेदन, दुसऱ्या दिवशी बंद, तिसऱ्या दिवशी जिल्ह्याजिल्ह्यांत भावना दुखावलेल्या. कोणत्या पक्षाची छाती आहे हे अंगावर घ्यायची?

शंकराचं मात्र वेगळं. त्याची प्रदक्षिणा अर्धीच घालायची, पन्हळीपर्यंत जायचं आणि आल्या वाटेनं परत फिरायचं. आमच्या सौंसर तालुक्यात मोहगावला अर्धनारीश्वराचं देऊळ आहे, एकाच रूपात डावी बाजू पार्वतीची, उजवी शंकराची, दोघं गुण्यागोविंदानं. त्याच देवाच्या संस्कारामुळे असेल, पण आमच्याकडचे बरेच लोक चौकातल्या चबुतऱ्यालाही अर्धीच प्रदक्षिणा घालतात. पूर्ण वळसा घालायचा कंटाळा आला की समोरून येणाऱ्यांच्या अंगावर उलटे निघतात. हॉर्न वाजवला तर असं बघतात, की पूजेत तुम्ही व्यत्यय आणला.

इकडे लोकांना बाजू बदलायचा अनुभव नाही असं कोणी समजू नये. अनुभव आमचा जुना आहे. मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी नागपूर होती, आणि छिंदवाडा जिल्हा त्यातच होता. फजल अली आयोगानं १९५५ साली अहवाल दिला, त्यात स्वतंत्र विदर्भही सुचवला होता. तो काही झाला नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि पांढुर्णा-सौंसर छिंदवाड्यासकट नव्या मध्य प्रदेशात राहिले. स्वीडनला दहा मिनिटं थांबावं तरी लागलं. आम्ही रात्री मराठी बोलत झोपलो आणि सकाळी मराठी बोलतच दुसऱ्या राज्यात उठलो. हायकोर्ट जबलपूरला गेलं, मंत्रालय भोपाळला गेलं. आजारी माणूस मात्र आजही नागपूरलाच जातो. रोग राज्य बघून होत नाही. शाळेत पोरं हिंदीत शिकतात, घरी मराठीत भांडतात, आणि हायवेवर कट मारणाऱ्याला दोन्ही भाषांत बोलतात.

नशीब एवढंच, की आयोगानं रस्त्याची बाजू वाटून दिली नाही. महाराष्ट्र डावीकडून आणि मध्य प्रदेश उजवीकडून असं ठरलं असतं, तर राज्याच्या सीमेवर, सौंसरजवळच्या सातनूरला काय झालं असतं याची कल्पना करून पाहा. थायलंड डावीकडून चालतो, लाओस उजवीकडून. त्यांच्यामधल्या मेकाँगवरच्या पुलाजवळ सिग्नल लावून गाड्यांची अदलाबदल करतात. तशी सातनूरला करायची. एका बाजूनं कापसाच्या गाड्या, दुसऱ्या बाजूनं नागपूरच्या दवाखान्याकडे सुसाट निघालेली ॲम्ब्युलन्स, मधे बोरगावच्या कारखान्यांचे कंटेनर, आणि सिग्नलचा दिवा गेलेला. मध्य प्रदेशानं १ जुलै २०२४ पासून परिवहन नाके बंद केले, त्यामुळे समजूत घालायला असलेली तिथली खाकी वर्दीही गेली.

बाजू बदलायचा दुसरा प्रयोग ताजा आहे. ५ ऑक्टोबर २०२३ पासून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला, सौंसरला सोबत घेऊन. त्यानंतर जेमतेम सहा आठवड्यांनी विधानसभेचं मतदान होतं, हा निव्वळ योगायोग. इथं एका रात्रीत जिल्हा बदलतो, राज्य बदलतं, पाट्यांवरची नावं बदलतात. एकच वस्तू कधी बदलली नाही: आम्ही रस्त्याच्या ज्या बाजूनं चालतो ती. कारण ती कोणती, हे अजून ठरायचं आहे.

हायवेवर जाऊन बघा. नागपूर-बैतुल रस्ता, राष्ट्रीय महामार्ग ४७, चारपदरी, मधे दुभाजक. दुभाजकातले कट दोन-दोन किलोमीटरवर ठेवावेत असं अभियंत्यांची नियमावली सांगते. नियमावली लिहिणाऱ्याचं शेत रस्त्याच्या पलीकडे नसावं. इथं घर अलीकडे, बगीचा पलीकडे, विहीर तिसरीकडेच. ट्रॉलीत संत्र्याचे कॅरेट रचलेले, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टरच्या जागी चिखल. घर समोर दोनशे पावलांवर दिसतंय. नियमानं जायचं तर आधी पुढचा कट गाठा, तिथून वळा, मग घर ओलांडून येणारा रस्ता शोधा. डिझेल कोण देणार? तेव्हा ट्रॅक्टर सरळ उलट्या दिशेनं, कडेकडेनं, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत मारत निघतो. एकदा मी अशा एकाला गाडी थांबवून विचारलं, "काहून उलटा येऊन रायला बे?" तो शांतपणे म्हणाला, "उलटा कुठं भाऊ, घरी जाऊन रायलो."

यावर काय बोलणार? त्याचं खरं आहे. रस्ता आखताना भोपाळची गाडी नागपूरला किती तासांत पोचेल याचा हिशेब झाला. गाव आपल्याच शेतात कसं पोचेल याचा झाला नाही. सर्व्हिस रोड जिथं हवा तिथं नाही आणि जिथं आहे तिथं त्यावर टपऱ्या आहेत. म्हणून शेतकऱ्याला मी अर्धा गुन्हेगार मानतो. पूर्ण गुन्हेगार तो, ज्याच्याकडे ट्रॉली नाही, शेत नाही, घाई नाही, आणि तरीही पेट्रोल पंप पलीकडे म्हणून जो उलटा निघतो. मोबाइल कानाला, एक हात हँडलवर, चेहऱ्यावर समोरचा चुकीचा असल्याची खात्री. अशांसाठी २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्याच्या १८४ व्या कलमात ठरलेल्या प्रवाहाविरुद्ध गाडी चालवणं हे धोकादायक चालवणं ठरवलं. पहिल्या खेपेला सहा महिने ते वर्षभर कैद, किंवा एक ते पाच हजार दंड, किंवा दोन्ही. कैदेत गेलेला कोणी आपल्या ओळखीचा असेल तर त्याच्या स्वागताची कमान मी स्वखर्चानं उभारीन.

हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही हेही माहीत आहे. २०२२ साली या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. अपघातांच्या संख्येत मध्य प्रदेशाचा नंबर तमिळनाडूनंतर दुसरा होता. देशभरातले सत्तर टक्क्यांच्या वर मृत्यू वेगाच्या खात्यावर आहेत, सुमारे पाच टक्के राँग साइडच्या. पाच टक्के म्हणजे आठ हजारांच्या वर माणसं, आणि त्यातली बरीचशी आपल्या योग्य बाजूनं, योग्य वेगानं, हेल्मेट घालून चालली असतील. समोरून कोणीतरी घरी जाऊन रायला होता.

बाजू म्हणजे काय हे आमच्या लोकांना कळत नाही, असं म्हणायचीही सोय नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, नागपुरात मारबत निघते त्याच दिवशी, पांढुर्ण्यात या. जांब नदीच्या एका काठाला पांढुर्णा, दुसऱ्या काठाला सावरगाव. पात्रात मधोमध पळसाचं झाड रोवलेलं, वर झेंडा. चंडीमातेचं नाव घेऊन दोन्हीकडून गोटे सुरू. ही आमची गोटमार. पांढुर्ण्याचा माणूस चुकून सावरगावच्या काठावर उभा राहिला असं कधी होत नाही. पाटी नाही, बाण नाही, पांढरा पट्टा नाही, तरी दहा वर्षांच्या पोरालाही आपली बाजू कोणती ते ठाऊक. सासर पलीकडे असेल तरी त्या दिवसापुरतं अलीकडे. प्रशासनानं जमावबंदी लावून पाहिली, मध्यंतरी गोट्यांऐवजी रबरी चेंडू पुरवून पाहिले. लोकांनी गोटेच पसंत केले. डोकी फुटतात, माणसंही गेली आहेत, आणि मला त्यात कौतुकाचं काही दिसत नाही. पण बाजू पाळायची म्हटली तर आम्ही रक्त सांडेपर्यंत पाळतो, एवढं तरी त्यातून सिद्ध होतं. उरलेल्या दिवसांत आम्ही कोणत्याही बाजूनं रक्त सांडायला मोकळे.

म्हणून जवाईबापूंना माझी उलट सूचना. देशानं बाजू जरूर बदलावी, पण उजवीकडे नको. एक तारीख जाहीर करून अख्ख्या देशानं डावीकडे यावं. स्वीडनसारखं, थाटात. राजपत्रात अधिसूचना निघावी, की अमुक तारखेला पहाटे पाचपासून भारतात वाहनं रस्त्याच्या डाव्या बाजूनं चालतील. परदेशी वर्तमानपत्रं चकित होतील: ही मंडळी आजवर कुठून चालत होती? खर्च काहीच नाही. स्टिअरिंग हलवायचं नाही, सायलेन्सर हलवायचा नाही, काकू जिथं बसल्या आहेत तिथंच बसतील, महाराजांची प्रदक्षिणा सुलटीच राहील. पाट्यांचे बाणही आधीच डावीकडे आहेत, फक्त त्यावर चिकटवलेली वाढदिवसाची पोस्टरं काढायची. सामोआसारखी दोन दिवस सुटी द्या. दारूबंदी तीन दिवस ठेवायची की नाही, यावर अबकारी खात्याचं मत घ्यावं लागेल. ते काय असेल ते मला ठाऊक आहे.

अडचण आहे ती तारखेची. नोव्हेंबर ते जानेवारी आंबिया बहाराची संत्री, रस्ते ट्रॉल्यांचे. फेब्रुवारी-मार्च मृगाची. एप्रिल-मे लग्नं, वरात निघाली की रस्त्याला बाजूच उरत नाही, आणि वरातीपुढच्या डीजेला डावीकडे सरक म्हणायची हिंमत मी तरी कोणात पाहिली नाही. जूनमध्ये पेरणी. मंगळवार-शनिवारी जामसावळीच्या हनुमानाला गर्दी, तेव्हा ते वार बाद. त्यात कुठली ना कुठली आचारसंहिता. खूप कॅलेंडर उलटून एकच दिवस असा सापडतो की ज्या दिवशी जिल्ह्यातल्या प्रत्येकाला आपली बाजू पक्की माहीत असते, आणि तो दिवस गोटमारीचा. त्या दिवशी करायलाही हरकत नव्हती. पण त्या दिवशी सगळे पोलीस नदीवर असतात, हायवेवर उभा करायला एकही उरत नाही.